हॅलबर्ड, भाला आणि विटा: पातं बघून भुलू नका, दांडा तपासा

पुण्यात मिळणाऱ्या लांब दांड्याच्या हत्यारांच्या प्रतिकृतींमध्ये पातं बहुतेक वेळा बरंच असतं. पैसे वाया जातात ते पात्याखालच्या वीतभर जागेत, जिथे लोखंड संपतं आणि लाकूड सुरू होतं. इथे घेतलेले तीन नग संग्रहासाठी, भिंतीवर लावायला आणि अधूनमधून हातात घेऊन बघायला म्हणून विकले जातात: देहरादूनकडच्या कारखान्यातला युरोपियन वळणाचा हॅलबर्ड, आठ फुटी मराठा घाटाचा भाला आणि एक विटा, म्हणजे दोरी बांधलेला फेकायचा भाला.

हॅलबर्डपासून सुरुवात करू, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त त्यातच आहे. कुऱ्हाडीचं पातं, वर अणकुचीदार सुळा आणि मागे आकडा असं हे स्विस पायदळाचं, चौदाव्या शतकापासूनचं हत्यार. या नगाचं डोकं साधारण दीड किलो, दांड्यासकट सव्वातीन. अस्सल नग बरेचसे अडीच-तीन किलोंच्या आसपासचे असतात, त्यामुळे वजनाबद्दल फारशी तक्रार नाही. चार-साडेचार किलोंचा नग हातात आला, तर सरळ समजावं की जाड प्लेट लेझरने कापून फक्त कडेला घासली आहे. हे पडताळायला व्हर्नियर लावा. जोडाजवळ, पात्याच्या मध्यावर आणि धारेच्या जरा अलीकडे, अशा तीन ठिकाणी जाडी घ्या. इथे ७, ४ आणि २ मिलिमीटर आली. म्हणजे पातं खरोखर उतरतं केलं आहे. तिन्हीकडे एकच आकडा आला, तर ती नुसती पत्र्याची आकृती. धार लावलेली नाही, आणि तेच योग्य. संग्राहकाला धारेचा आकार हवा असतो, धार नव्हे.

आता जोड. डोक्यापासून दांड्यावर खाली उतरणाऱ्या दोन लोखंडी पट्ट्या या हत्याराचा जीव. शत्रूच्या घावाने दांडा डोक्याखालीच तुटू नये आणि डोकं निसटू नये, यासाठी त्या असतात. जुन्या हॅलबर्डचे दांडे बऱ्याचदा चौकोनी किंवा अष्टकोनी असत. पट्टी सपाट बाजूवर बसे आणि धार कुठल्या दिशेला आहे, हे न बघता हाताला कळे. या नगाचा दांडा मात्र लेथवर काढलेला चक्क गोल. गोल दांड्यावर सपाट पट्टी फक्त मधल्या रेषेवर टेकते, दोन्ही कडा हवेत राहतात. व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा. इथे ते पट्टीखाली अर्धा इंच आत गेलं. खिळ्यांची तऱ्हा त्याहून वाईट. पाचही खिळे एका ओळीत, एकाच शिरेवर ठोकलेले, त्यामुळे तिसऱ्या खिळ्यापासून खाली केसाएवढी चीर दिसते. खिळे कायम डावे-उजवे हवेत. शिवाय पाचातले दोन खिळे म्हणजे नुसतीच डोकी आहेत, वरून चिकटवलेली. नखाने ढकलली तर हलतात.

डोक्याच्या खोबणीत टॉर्च मारून बघितलं, तर दांडा आणि लोखंड यांच्यामधली फट एम-सीलने भरलेली. दांडा निमुळता तासून घट्ट बसवायचा कंटाळा केला की हा उपाय होतो. पुण्याच्या हवेत तो टिकत नाही. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि मार्च ते मे आकसतं. एम-सील आहे तसंच राहतं, आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत डोकं खुळखुळायला लागतं. दुकानात दांड्याचं बूड धरून एक हलका झटका द्या. आवाज आला तर नग तिथेच ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार आपणहून सांगत नाही. कुरिअरला लांब पार्सल परवडत नाही, म्हणून बरेच दांडे मध्ये कापून आट्याच्या पितळी कॉलरने जोडलेले येतात. कॉलर नक्षीदार असली की ती सजावटच वाटते. ती फिरवून बघा. जोड असेल, तर हत्यार नेमकं मध्यावर लचकतं.

डोकं उत्तम आणि दांडा टाकाऊ, असा हा निकाल. त्यामुळे नुसतं डोकं मिळत असेल तर तेच घ्यावं आणि दांडा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड आणून करून घ्यावा. युरोपात यासाठी ॲशचं लाकूड वापरत, आपल्याकडे धामण चांगली. चिवट आणि लवचिक असल्यामुळे ती कुऱ्हाडीच्या दांड्यांनाही चालते. साग दिसायला देखणा, पण दणका सोसण्यात धामणीच्या मागे. लाकूड निवडताना रेषा वरपासून खालपर्यंत सलग जातात का, ते बघा. रेषा तिरकी बाहेर निघत असेल, तर दांडा तिथेच मोडणार. सुताराकडून कडा मारून अष्टकोन करून घ्या. वर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पुसून आणि वाळवून. तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघडे पसरून वाळवा.

भाला या तिघांत सगळ्यात प्रामाणिक निघाला. दांडा मानवेलीचा, जवळजवळ भरीव. ब्रिटिश काळातल्या घोडदळाच्या भाल्यांनाही हाच बांबू लागायचा. पेरं जवळजवळ आहेत आणि जाड बूड खाली ठेवलं आहे. पात्याचा मधला कणा घडवलेला आहे, वरून सळई वेल्ड केलेली नाही. नळीतून आरपार गेलेली एकच रिबिट दोन्ही बाजूंनी ठोकून पसरवलेली. बुडाची शेंबी घट्ट. खोट एकच: पेरांच्या गाठी गुळगुळीत दिसाव्यात म्हणून कानशीने जरा जास्तच उतरवल्या आहेत. तिथे तंतू कापले जातात आणि बांबू गाठीशीच दगा देतो. घेताना आणखी एक तपासा. दांड्याखाली पिठासारखी पिवळट भुकटी पडत असेल, तर आत पोखरणारा किडा आहे. टाकणखार-बोरिकचं पाणी कच्च्या बांबूलाच चांगलं मुरतं, व्हार्निश चढल्यावर त्याचा उपयोग नाही. असा दांडा परत करा.

विट्याबद्दल थोडक्यात. विट्याची दोरी बुडाशी असते. फेकल्यावर मनगटाला गुंडाळलेल्या दोरीने हत्यार परत ओढायचं, हीच त्याची खासियत. या नगावर दोरी पात्याखाली बांधून तिला गोंडा लावला आहे. ही मिरवणुकीची वस्तू झाली, विटा नव्हे. पात्यावरची ‘दमास्कस’ (थरांच्या पोलादावर दिसते तशी नागमोडी) नक्षीही ॲसिडने वरवर काढलेली आहे. धारेच्या कडेवर ती एकदम संपते. खरी थरांची नक्षी असती, तर कडेवरूनही तशीच वाहत गेली असती. जुनी पाती कशी उतरती होत जातात, हे डोळ्यात बसवायचं असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या शस्त्रदालनात तासभर घालवा, मग खरेदीला निघा.

कायद्याचंही बघून ठेवा. भाले, परशू आणि नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या पाचव्या वर्गात येतात. त्यांना परवाना लागतो तो केंद्राने अधिसूचित केलेल्या भागात. पण पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात, तेव्हा हत्यार उघडं घेऊन रस्त्याने जाऊ नये. पातं गुंडाळा, पावती जवळ ठेवा.

घरी आणल्यावर पहिलं काम लॅकर काढायचं. निर्यातीच्या पात्यांवर पारदर्शक लेप असतो. त्याच्या खाली ओल शिरली की वरून चकचकीत आणि आतून गंजाची जाळी, असं होतं. थिनरने तो पुसा आणि शिवणयंत्राचं तेल अगदी पातळ लावा. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुसणं पुरे. आठ फुटी भाला घेणार असाल, तर पैसे मोजण्याआधी लिफ्टची उंची आणि जिन्याची वळणं मोजून घ्या.