'सेव्हन सामुराई' की 'सामुराई सेव्हन': आधी काय बघावं?

घोटाळा नावापासूनच आहे. गेल्या दिवाळीत मी एका मित्राला फोनवर सांगितलं, "सुट्टी आहे तर हा बघच." तीन दिवसांनी त्याचा उलट फोन आला. "बघतोय रे, मजा येतेय. पण तुझ्या त्या जुन्या जपानात रोबो कुठून आले?" मी सांगितला होता अकिरा कुरोसावाचा १९५४ सालचा कृष्णधवल चित्रपट, 'सेव्हन सामुराई'. त्याने लावली होती 'सामुराई सेव्हन', म्हणजे त्याच चित्रपटावरून गोंझो स्टुडिओने पन्नास वर्षांनी, २००४ साली काढलेली विज्ञानकथेची अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशनची) मालिका. शब्द तेच, फक्त मागेपुढे. त्याची चूक नाही.

तेव्हापासून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय: दोन्हींतलं आधी काय बघू? किंवा अधिक प्रामाणिकपणे, दोन्हींतलं एकच बघायचं असेल तर कोणतं? मी दोन्ही बघितलंय. चित्रपट तीनदा आणि मालिका दोनदा, त्यातली दुसरी खेप सातवीतल्या भाच्यासोबत. म्हणून लिहितो. तज्ज्ञ वगैरे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कथा नव्याने सांगत बसत नाही. पीक निघालं की गाव लुटायला येणारे दरोडेखोर आणि गावाने आणलेले भाडोत्री लढवय्ये हे सूत्र 'शोले' पाहिलेल्या माणसाला नवं नाही. इथे भाडं म्हणजे फक्त तीन वेळचा भात. सातही जणांची नावं दोन्हीकडे तीच: कांबेई (हा त्यांचा प्रमुख), कात्सुशिरो, गोरोबेई, शिचिरोजी, हेइहाची, क्यूझो आणि किकुचियो. कोण मरतं तेही मी सांगणार नाही.

आधी वेळेचं बघू, कारण सगळे तिथेच अडतात. चित्रपट २०७ मिनिटांचा. मालिकेचे २६ भाग, म्हणजे सगळे मिळून साधारण दहा तास. पण साडेतीन तासांचा जुना कृष्णधवल चित्रपट म्हटलं की लोक दचकतात आणि वीस-बावीस मिनिटांचा भाग म्हटलं की निर्धास्त होतात. माझ्याकडे याचं मोजमाप म्हणजे चहा. चित्रपटाच्या मध्यंतरापर्यंत (हो, त्याला मध्यंतर आहे) मी एकदा चहा केला, आणि मध्यंतरानंतर केलेला कपातच गार झाला. मालिकेचे चौथ्यापासून दहाव्यापर्यंतचे भाग मी मेथी निवडत बघितले आणि काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आता मेथी निवडत बघता येणं हा काहींच्या दृष्टीने गुणही असेल. दिवसभर काम करून आलेल्या माणसाला मी नावं ठेवणार नाही.

मालिकेचं श्रेय मात्र आधी देतो, कारण ती नुसती नक्कल नाही. चित्रपटातले दरोडेखोर म्हणजे घोड्यांवरून येणारं एक संकट, वळवाच्या पावसासारखं. त्यांचा म्होरक्या सोडला तर चेहरा असा कुणाला नाहीच. मालिकेने नेमकी तीच फट भरली. तिथे एक मोठं युद्ध होऊन गेलंय, सत्ता व्यापाऱ्यांच्या हाती गेलीय, आणि त्या युद्धासाठी ज्या सामुराईंनी आपली शरीरं यंत्रात घालून घेतली तेच आता बेकार होऊन गावं लुटतात. त्यांना तिथे 'नोबुसेरी' म्हणतात. म्हणजे गावाचं रक्षण करणारे आणि गाव लुटणारे दोघंही एकाच युद्धातून उरलेले. ही कल्पना मला आजही मूळ चित्रपटाच्या तोडीची वाटते, आणि एखाद्या बाबतीत पुढची. कांबेई आपल्या पूर्वीच्या सोबत्यासारख्याच कुणाला तरी कापतोय, हे मालिकेत बोचतं. चित्रपटात ते तसं बोचत नाही.

मग मी चित्रपटाकडे का झुकतो?

थोडंसं किकुचियोमुळे. हा सातांमधला सोंगाड्या, सामुराई असल्याची बतावणी करणारा. चित्रपटात तो अभिनेता तोशिरो मिफुने आहे, मालिकेत वाफ सोडणारा लोखंडी देह. पोरांना लोखंडीच आवडतो, आणि त्याची आणि गावातल्या छोट्या कोमाचीची जोडी खरंच गोड आहे. पण चित्रपटात एक प्रसंग आहे. गावकऱ्यांनी पळत्या, जखमी सामुराईंना मारून लुटलेली चिलखतं किकुचियो घेऊन येतो. बाकीचे सहा जण संतापतात. तेव्हा तो उसळून बोलतो: शेतकरी लबाड आहेत, धान्य पुरून ठेवतात, रडगाणं गातात, सगळं खरं, पण त्यांना असं केलं कुणी? तुम्हीच! बोलता बोलता त्याचा चेहरा फाटत जातो आणि ताकाशी शिमुराचा कांबेई भरल्या डोळ्यांनी विचारतो, तू शेतकऱ्याचा मुलगा ना? लोखंडी चेहऱ्याला हे जमणं अवघडच. आवाज देणाऱ्या कलाकाराने जीव तोडून काम केलंय, पण पत्र्याला सुरकुत्या पडत नाहीत.

थोडंसं माणसं निवडण्यामुळेही. चित्रपटात कांबेई तरुण कात्सुशिरोला काठी देऊन दाराआड उभा करतो; आत येणाऱ्याच्या डोक्यात हाणायची. गोरोबेई उंबऱ्याशीच थबकतो आणि हसतो. झाली परीक्षा. मालिकेत या शोधात किरारा या गावातल्या मुलीच्या स्फटिकाच्या लोलकाची मदत होते. दिसायला सुंदर आहे, पण लोलक सांगणार असेल तर मी काय ओळखायचं?

खरी माशी शिंकली ती वेगळ्याच ठिकाणी, आणि ती भाच्यामुळे लक्षात आली.

चित्रपटात कांबेई एका कागदावर गोळे काढतो. एक गोळा म्हणजे एक दरोडेखोर, एकूण चाळीस. जसजसे मरतील तसतसे गोळे खोडायचे. भाच्याने ते पाहिलं आणि उठून कॅलेंडरचं जुनं पान घेऊन आला. पाठकोऱ्या बाजूला त्याने पण चाळीस गोळे काढले. पुढचे दोन तास आमच्या घरात एकच चर्चा. "मामा, तो घोड्यावरून पडला तो मेला का?" "मामा, मागे घ्या, मागे घ्या, दोघं होते." एका माणसावरून आमचं चक्क भांडण झालं. शेवटच्या सकाळी कांबेई म्हणतो की आता तेरा उरलेत. आमच्या पानावर पंधरा होते. पोरगं हिरमुसलं, पण मला त्या क्षणी कळलं की हा चित्रपट आम्ही बघत नव्हतो, त्या गावात राहत होतो.

हे आपोआप होत नाही. लढाई सुरू होण्याआधी कांबेई हातात नकाशा घेऊन गावाभोवती हिंडतो. इथे भाताच्या खाचरांत पाणी भरून घ्यायचं, तिथला पूल काढून टाकायचा. पुलापलीकडची तीन घरं वाचवता येणार नाहीत, म्हणून त्या घरांची माणसं शस्त्रं टाकून निघतात आणि कांबेई तलवार उपसून त्यांना परत रांगेत उभं करतो. उत्तरेला जंगलाकडची वाट मात्र मोकळी ठेवायची, कारण चांगल्या किल्ल्यालाही एक फट लागते. शत्रू कुठून येणार हे तरी आपल्याला ठाऊक हवं. या सगळ्याने तासाभरात गाव आपल्या पायाखालचं होतं. मग पावसात, चिखलात, एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेली ती शेवटची झुंज सुरू झाली की कोण कुणीकडून धावतोय हे विचारावंच लागत नाही. आणि म्होरक्याकडे बंदुका नेमक्या तीन. एक हाती लागली तरी गावात चैतन्य येतं. सातांपैकी जे जातात ते सगळे गोळीनेच जातात. आयुष्यभर तलवार घासलेला माणूस लांबून आलेल्या गोळीने चिखलात पडतो, आणि मागे बाकी किती याचा हिशेब चालूच राहतो.

मालिका सुरू केली तेव्हा भाच्याने नवं पान घेतलं. पहिल्या मोठ्या झटापटीत एका सामुराईने इमारतीएवढं यंत्र तलवारीने उभं चिरलं. पोरगं उड्या मारायला लागलं. मीही मारल्या असत्या. मग त्याने विचारलं, "मामा, एकूण किती आहेत?" मला सांगता येईना. पुढच्या भागात आणखी यंत्रं आली, त्याहून मोठी. मग आकाशात तरंगणारी जहाजं. "आता किती उरले?" माहीत नाही. तलवारीने गोळी उडवता येते, तोफेचा मारा कापता येतो, जहाज दुभंगता येतं. दोन आठवड्यांनी ते पान मला सोफ्याच्या फटीत सापडलं. गोळे सात-आठच होते, आणि बाकीच्या जागेत किकुचियोचं चित्र. चित्र झकास होतं, पण मोजणी त्याने केव्हाच सोडून दिली होती.

तोच माझा एकुलता एक राग. एक माणूस जहाज कापू शकतो तर सात कशाला हवेत? गाव वाचवायला शेतकऱ्यांच्या हातात बांबूचे भाले तरी कशाला द्यायचे? मालिकेत गावातली लढाई मध्यावरच उरकते, गोष्ट राजधानीकडे निघते, राजकारण, वारसा, उक्यो या व्यापाऱ्याच्या दत्तक मुलाचे डावपेच, आणि फिरून शेवटी गावाशी येते. तोवर कान्ना नावाचं ते गाव मला परकं झालं होतं. त्याची विहीर कुठे आणि खाचरं कुठे, हे आजही सांगता येणार नाही. चित्रपटातल्या गावाचा नकाशा मी तुम्हाला आत्ता रुमालावर काढून दाखवीन.

न्याय म्हणून एक सांगायला हवं. मालिकेतही एक गोळी लागते. कुणाची आणि कुणाला हे सांगत नाही. पण सगळी जहाजं आणि तोफा एका बाजूला आणि ती एक गोळी एका बाजूला. तिथे मी रिमोट खाली ठेवला होता. म्हणजे त्या मंडळींना हे जमत होतं. म्हणून तर राग जास्त.

भाताबद्दलही थोडं. दोन्हीकडे भाताला मान आहे, आणि मालिकेतला हेइहाची तर भातावर जीव टाकणारा. पण चित्रपटात, सामुराई शोधायला शहरात आलेल्या शेतकऱ्यांचे तांदूळ रात्रीत चोरीला जातात आणि म्हातारा योहेई जमिनीवर सांडलेला एकेक दाणा वेचत बसतो. माझे वडील शेतकरी घरातले. चित्रपटांत त्यांना रस नाही, ते वर्तमानपत्र शोधायला खोलीत आले होते. दाराशीच थांबले, बघत राहिले आणि म्हणाले, "मूठभर तरी निघतील." मग बसले. शेवटपर्यंत उठले नाहीत. मालिका चालू असताना ते दोनदा आले आणि दोन्ही वेळा वर्तमानपत्र घेऊन गेले. याला पुरावा म्हणत नाही.

दिसण्याचं म्हणाल तर मालिकेतली संगणकावर घडवलेली यंत्रं आणि हाताने काढल्यासारखी माणसं काही ठिकाणी एकमेकांत मिसळत नाहीत, आणि मधल्या एखाद्या भागात चित्रं चक्क ढेपाळलीत. १९५४चा चिखल मात्र अजून ओला आहे. अ‍ॅनिमेच्या चाहत्यांना हे पटणार नाही, आणि त्यांचंही बरोबर असेल. मी त्या वळणाचा प्रेक्षक उशिरा झालो.

तर कुणी काय बघावं? घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील आणि कृष्णधवल दिसताच ती पळत असतील तर मालिकेपासून सुरुवात करायला हरकत नाही. यंत्रांची आवड असेल, लांबलचक गोष्टीत रमायला आवडत असेल, किराराचं मन कात्सुशिरोकडे की कांबेईकडे यात रस असेल, तरीही मालिकाच. ती वाईट मुळीच नाही. पण एकच बघणार असाल तर माझ्या मते चित्रपट. दोन्ही बघणार असाल तरी आधी चित्रपट, कारण मालिकेतल्या अर्ध्या गमती मूळ गोष्ट काय होती हे ठाऊक असेल तरच कळतात. उलट क्रमाने गेलेला माझा मित्र पहिला तासभर रोबोंची वाट बघत होता.

मध्यंतरापाशी थांबून दोन रात्रींत बघितलात तरी चालतो. सोबत एक पाठकोरा कागद ठेवा आणि चाळीस गोळे आधीच काढून घ्या. शेवटच्या सकाळी तुमचे बरोबर तेरा उरले तर मला नक्की कळवा. आमचे ते दोघं अजून सापडलेले नाहीत.