वैद्यकीय परिभाषेचा ऑनलाइन वर्ग: शब्दांची फोड चोख, नात्यांचा विसर

आरोग्यविम्याच्या दाव्यांची कागदपत्रे तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे डिस्चार्ज कार्डावरचे लांबलचक शब्द मी वर्षानुवर्षे नुसत्या आकारावरून ओळखत आले होते. त्यांचा अर्थ लावता यावा म्हणून वैद्यकीय परिभाषेचा बारा तासांचा एक ऑनलाइन मराठी वर्ग 1,800 रुपये भरून नुकताच पूर्ण केला.

शब्दाची फोड शिकवण्यात हा वर्ग चोख आहे. ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ हा शब्द शिक्षकांनी तीन तुकड्यांत लिहून दाखवला: ग्रीकमध्ये ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘किस्टिस’ म्हणजे पिशवी आणि ‘एक्टोमे’ म्हणजे कापून काढणे. पित्त अधिक आशय, अशीच आपल्या ‘पित्ताशया’चीही घडण आहे, हे ध्यानात येताच तो शब्द कायमचा पाठ झाला.

मात्र पित्ताशय आठवले ते मला, वर्गाला नव्हे. ‘हायपर’ म्हणजे जास्त आणि ‘हायपो’ म्हणजे कमी, हे अर्धा तास घोकून घेतल्यावरही थायरॉइडच्या उदाहरणात बरेच जण चुकले. ‘हायपर’ हा संस्कृत ‘उपरि’चा आणि ‘हायपो’ हा ‘उप’चा सगोत्र आहे, एवढे सांगितले असते तरी हा घोळ टळला असता. ‘अ‍ॅनिमिया’च्या आरंभी आपल्या ‘अनर्थ’ातला ‘अन्’ आहे आणि धाप लागणे या अर्थाच्या ‘डिस्प्निया’तला ‘डिस’ हा ‘दुर्गंधी’तल्या ‘दुर्’चा भाऊबंद आहे. मराठीतून शिकवणाऱ्यांनीच हे घरचे भांडवल वापरू नये, याचे नवल वाटते.

मूत्रपिंडाच्या दाहाला ‘नेफ्रायटिस’ म्हणतात, मग तिथल्या धमनीला ‘रीनल’ का, या माझ्या प्रश्नावर ‘दोन्ही चालते’ असे उत्तर मिळाले. अवयवांची नावे बहुधा लॅटिनमधून आणि रोगांची व शस्त्रक्रियांची ग्रीकमधून आली, हे सांगायला एक मिनिटही लागले नसते.

छापील टिपणातली चूक अधिक गंभीर आहे. त्यात शस्त्रक्रियांच्या नावांच्या शेवटी येणाऱ्या ‘ऑटॉमी’ आणि ‘ऑस्टॉमी’ यांचा अर्थ एकच दिला आहे. वास्तविक पहिलीत केवळ छेद घेतला जातो, तर दुसरीत ‘स्टोमा’, म्हणजे तोंड, तयार केले जाते. कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर काढण्याची शस्त्रक्रिया, झालेल्या रुग्णाच्या दाव्यात मल साठवण्याच्या पिशव्यांची बिले का येतात, हे त्यावरूनच कळते. नवख्यांनी वर्ग जरूर करावा, पण टिपणातले ते पान आधी दुरुस्त करून घ्यावे.