'ले व्हाल्सझ' की 'अ‍ॅन एलेफां'?

सत्तरच्या दशकातली फ्रेंच चावट कॉमेडी बघायची, तर सुरुवात कुठून?

बर्त्रां ब्लिए यांचा 'ले व्हाल्सझ' (1974) स्वतःच्याच कादंबरीवर बेतलेला. देपार्दिय आणि देवेर या नटांचे दोन उनाड गाड्या चोरत भटकतात, सोबत नटी मिऊ-मिऊ. नग्नता भरपूर, शिव्या त्याहून जास्त. स्टेफान ग्रापेलींचं व्हायोलिन गोड, पण आगगाडीत बाळाला पाजणाऱ्या बाईला दोघं छळतात ते पाहताना हसू घशात अडकतं. ज्यांना बायकांशी असला दांडगेपणा सोसत नाही, त्यांनी इथून सुरुवात करू नये.

इव्ह रोबेर यांच्या 'अ‍ॅन एलेफां सा त्रोंप एनोर्मेमां'मध्ये (1976) दाखवणं कमी, सूचकता जास्त. पार्किंगमध्ये वाऱ्याने एका बाईचा लाल झगा उडतो आणि संसारी नायक (नट रोशफोर) घसरतो. तो फोन करतो तिला, उचलते भलतीच! मजा आहे ती त्याच्या गंभीर निवेदनात आणि पडद्यावरच्या फजितीत. सबटायटल घाईचे असतील तर निम्मी गेलीच. शीर्षकातली कोटी तर कुठल्याच भाषांतरात टिकत नाही: 'एलेफां' म्हणजे हत्ती, 'त्रोंप' म्हणजे सोंड, आणि 'फसवतो'सुद्धा.

आधी हत्ती बघा. ब्लिए नंतर, आणि घरी पाहुणे नसताना.