पावडरचा सिलिंडर की फायर ब्लँकेट: स्वयंपाकघरासाठी आधी काय घ्यावं?

आग विझवायचं काहीतरी घरात हवं म्हणून मी चार किलोचा लाल सिलिंडर आणला होता. आत पावडर चार किलो असली तरी लोखंडासकट तो सहा किलोच्या आसपास भरतो. बहात्तर वर्षांच्या आईला तो हुकावरून उतरवताच येईना, आणि दुपारी घरात ती एकटीच असते. तेव्हापासून कुणी सल्ला मागितला की मी आधी हेच विचारते: दुपारी तुमच्या घरी कोण असतं?

एबीसी पावडरचा सिलिंडर सगळ्यात कामाचा, यात वाद नाही. पडदा, गादी, पेट्रोल, गॅस, शॉर्टसर्किट, सगळ्यांवर चालतो. पण एक किलोचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. पहिले चार सेकंद घाबरण्यात गेले तर हातात उरतं काय? म्हणून घरासाठी दोन किलोचा घ्यावा. आयएसआयची खूण आणि हिरव्या पट्ट्यात असलेला दाबाचा काटा पाहूनच. पेटलेल्या कढईवर मात्र तो बेतानेच वापरायचा. पावडर ज्वाळा मारते, तेल थंड करत नाही, त्यामुळे तेल पुन्हा भडकू शकतं. जवळून फवारा मारला तर तेच तेल अंगावर उडतं. सहा-आठ फूट लांब उभं राहायचं.

फायर ब्लँकेट म्हणजे काचतंतूंची चादर. वजन नगण्य, पिन नाही, काटा नाही. दोन पट्ट्या खाली ओढल्या की हातात. फोडणीचं कढलं किंवा छोटी कढई पेटली तर आधी शेगडी बंद करून घट्ट बसणारं झाकण किंवा परात ठेवावी. ते जमलं नाही तर ब्लँकेट, आणि तेल पुरतं निवेपर्यंत उचलायचं नाही. पाणी तर कधीच नाही: तापलेल्या तेलात पडताच त्याची वाफ होते आणि पेटतं तेल छतापर्यंत उसळतं. ब्लँकेटलाही मर्यादा आहेत. दिवाळीच्या चकल्यांसाठी दोन-तीन लिटर तेल चढवलंत तर त्याच्या भरवशावर राहू नका. त्याचा खरा मोठेपणा वेगळाच आहे. पदर किंवा नायलॉनचा गाऊन पेटला तर माणसाला आडवं करून लपेटायला याच्याइतकं चांगलं काही नाही. मग भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं गार पाणी. हळद नको, टूथपेस्ट नको.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घरासाठी मी सुचवत नाही. कॉम्प्युटरवर तो उत्तम, पावडरीचा पसारा नाही; पण तो जड असतो, नळकांडं हाताला चटका बसेल इतकं गार होतं आणि छोट्या बंद खोलीत श्वास कोंडतो.

गॅसची आग यातल्या कशानेही आधी विझवू नका. आधी रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद. ज्वाळा विझली आणि गॅस येतच राहिला तर तो खोलीत साठतो आणि पुढची ठिणगी स्फोटाची. हात पोहोचत नसेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा. नुसता वास आला, तर बटणांना हात न लावता खिडक्या उघडून बाहेर येऊन १९०६ ही एलपीजी गळतीची हेल्पलाइन लावा.

गॅस डिटेक्टर घेणार असाल तर एक गोष्ट दुकानात हमखास राहून जाते. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. डिटेक्टर फरशीपासून वीतभर वर. पाइपचा गॅस म्हणजे मिथेन, हलका. त्याचा डिटेक्टर छताजवळ. धुराचा अलार्म स्वयंपाकघरात लावू नका. मिरचीच्या फोडणीला रोज ओरडेल आणि आठवड्यात कुणीतरी त्याची बॅटरी काढून टाकेल. तो पॅसेजमध्ये लावा.

तर आधी काय? वयस्कर किंवा नाजूक हाताचं माणूस एकटं राहत असेल, तर ब्लँकेट पहिलं, दोन किलोची पावडर पुढच्या महिन्यात. धडधाकट माणसं कायम घरात असतील आणि इन्व्हर्टर, स्कूटरची बॅटरी चार्जिंगला वगैरे असेल, तर पावडर पहिली. पण बॅटरीच पेटली तर झुंजत बसू नका, बाहेर पडा. ब्लँकेट काय, सिलिंडर काय, शेगडीच्या वर टांगू नका. आग लागल्यावर तिथेच हात घालावा लागेल. आमच्याकडे ब्लँकेट दाराच्या चौकटीशी, आईच्या खांद्याच्या उंचीवर आहे. दोनदा ओढून परातीवर पसरून पाहिलं तिने, मगच खिळा पक्का केला.