अमेलिया ब्लूमरचं चरित्र : मजकूर वाचा, ही छापील प्रत घेऊ नका

'लाइफ अँड रायटिंग्ज ऑफ अमेलिया ब्लूमर' या जुन्या पुस्तकाची नवी प्रत ऑनलाइन मागवली होती. मूळ पुस्तक 1895 सालचं, बोस्टनला निघालेलं. अमेलिया ब्लूमर म्हणजे अमेरिकेत बायकांसाठी पेपर चालवणाऱ्या संपादिका. बाई 30 डिसेंबर 1894 ला गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नवऱ्यानं, डेक्स्टर ब्लूमरनं, हे छापून आणलं.

पार्सल अंबाजोगाईला वेळेवर आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुखपृष्ठावर आजच्या काळातल्या कुणा बाईचं चकचकीत चित्र आणि आत जुन्या पुस्तकाचं स्कॅन आहे तसं उतरवलेलं. अक्षर मुंगीएवढं, मधली पानं काळपट, शिवण नाहीच, पाठीला नुसता गोंद. अर्धं वाचून होईस्तोवर पानं हातात यायला लागली. आमचं साप्ताहिक सासऱ्यांच्या काळात ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, निघायचं, आता ऑफसेटवर निघतं. छपाईच्या घरात आयुष्य गेलेल्या बाईला असलं पुस्तक बघवत नाही. छपाईला पाचातला एक तारा, तोही वेळेवर आल्याबद्दल.

मजकुराला मात्र चार.

बाईंचं बालपण, शाळेतली नोकरी, 1840 चं लग्न हा भाग झरझर उलटा. नवऱ्यानं फारच अदबीनं लिहिलाय. खरी गंमत सेनेका फॉल्सला सुरू होते. न्यूयॉर्क राज्यातलं हे छोटं गाव. तिथल्या दारूबंदीवाल्या बायकांच्या मंडळानं स्वतःचा पेपर काढायचं ठरवलं, वर्गणी गोळा केली आणि ऐन वेळी मंडळाचा उत्साह मावळला. अमेलियाबाईंचं म्हणणं एवढंच की लोकांना शब्द दिलाय, पैसे घेतलेत, आता अंक काढायलाच हवा. 1 जानेवारी 1849 ला 'द लिली'चा पहिला अंक निघाला. हे वाचताना मी एकटीच हसले. दिवाळी अंकाची जाहिरात आधी आणि मजकूर नंतर, हे आमच्याकडं दरसाल घडतं.

त्याच वर्षी नवरा गावचा पोस्टमास्तर झाला आणि बाई त्याच्या हाताखाली डेप्युटी. साप्ताहिक चालवणाऱ्यालाच या गोष्टीचं मोल कळेल. अंक छापखान्यातून निघतो, पण वाचकाच्या दारात तो पोस्टच नेतं. शेजारच्या खोलीत गावातल्या बायका जमायच्या, पेपर वाचायच्या, बोलत बसायच्या.

जग बाईंना ओळखतं ते पायजम्यावरून. आखूड झगा आणि खाली तुर्की पद्धतीची सैल विजार. तो वेश आधी घातला एलिझाबेथ स्मिथ मिलर यांनी, पण 1851 मध्ये 'लिली'त त्यावर लिहिलं अमेलियाबाईंनी, म्हणून नाव चिकटलं 'ब्लूमर'. पत्रांचा पाऊस पडला, खप चार हजारांवर गेला. पुढं आयोवा राज्यात राहायला गेल्यावर तिथल्या वाऱ्यानं आखूड झगा सांभाळणं अवघड झालं, झगा फुगवून धरणारे क्रिनोलिनचे हलके घेर आले आणि बाईंनी तो वेश सोडून दिला. मला या प्रकरणाचा कंटाळा आला. नवऱ्यालाही आला असावा, पण टाळता येईना.

मला पुस्तक आवडलं ते संपाच्या पानांमुळं. 1853 च्या अखेरीस जोडपं ओहायोत माउंट व्हर्ननला गेलं. तिथं 'लिली' आणि नवऱ्याचा पेपर एकाच छापखान्यात निघायचे. बाईंनी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला एक बाई ठेवली. पुरुष कंपोझिटरांनी तिला काम शिकवायला नकार दिला आणि सगळे मिळून संपावर गेले. मालक नमले नाहीत. संपवाल्यांच्या जागी नवी माणसं घेतली, त्यात बायकाही घेतल्या आणि दोन्ही पेपर निघत राहिले. दारूबंदीवर अग्रलेख कुणीही लिहील. पगारपत्रकावर बाईचं नाव चढवून त्यापायी अख्खा छापखाना रिकामा होऊ देणं हे वेगळं काम आहे. आमच्या छापखान्यात बायका होत्या, पण घड्या घालायला आणि पत्ते चिकटवायला. खिळ्यांच्या खणांजवळ कुणी उभं केलं नाही.

दुसरा वाचण्यासारखा भाग म्हणजे बाटलीवरून मतापर्यंतचा प्रवास. 1848 च्या सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेला बाई हजर होत्या, पण तिथल्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. नंतर 'लिली'त 'सनफ्लॉवर' या टोपणनावानं स्त्री-हक्कांच्या चळवळीतल्या एलिझाबेथ केडी स्टॅन्टन लिहायला लागल्या आणि पेपरचा सूर बदलत गेला. दारुड्याची बायको कायद्यात कोण, तिच्या कमाईवर हक्क कुणाचा, कायदा करणाऱ्याला निवडतं कोण, असे प्रश्न एकातून एक निघतात. अमेरिकेच्या घटनेत बायकांचं मत आलं 1920 मध्ये. आमच्या गावांत दारूचं दुकान बंद करायला बायका 'आडवी बाटली'वर शिक्का मारतात, निम्म्याहून जास्त महिला मतदारांची मतं पडली की परवाना जातो. त्या मतदानाच्या बातम्या मी छापल्यात. मतदानादिवशी पुरुषमंडळी पारावर किती गप्प असतात, ते बातमीत येत नाही.

उणीव म्हणाल तर शेवटची भाषणं. पुरती दिलीत, लांबण आहे आणि इंग्रजी जुन्या वळणाचं. डिक्शनरी जवळ ठेवा. हिशेबाचे आकडे आणखी हवे होते. स्वतः वृत्तपत्रवाल्या नवऱ्यानं कागदाचा भाव लिहायला नको होता का?

घ्यायचंच असेल तर पैसे देऊन हे घेऊ नका. पुस्तकावरचे हक्क केव्हाच संपलेत, मूळचं स्कॅन नेटवर फुकट मिळतं. ते पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जा, पान मोठं करून ए फोरवर काढायला सांगा, राखाडी छटा काढायला सांगा. स्पायरल नको, दोऱ्याची शिवण आणि कापडी पाठ करून घ्या. मी मंडी बाजारात तशीच करून घेतली. वाचनालयाला तीच दिली. विकत घेतलेलीची सुटी पानं रबर लावून ठेवलीत.