लेबर इकॉनॉमिस्ट म्हणून कोर्टात साक्ष द्यायची तर कुठली वाट घ्यावी: अपघाताच्या केसेस की नोकरीतल्या भेदभावाच्या?

अमेरिकेत इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी करणारी आपली मुलं-मुली आता बरीच दिसतात, कुणी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून गेलेलं, कुणी मुंबईतून, आणि लेबर (नोकऱ्या आणि पगाराचं अर्थशास्त्र) हा विषय घेतलेला असला की चौथ्या-पाचव्या वर्षी प्रश्न येतोच की प्रोफेसरची नोकरी नाही लागली तर काय. त्यावर एक उत्तर सगळे देतात, एक्स्पर्ट विटनेसचं काम कर, म्हणजे कोर्टात पगाराचा आणि कमाईचा हिशोब शपथेवर मांडायचा. पण त्यात अपघाताच्या केसेस आणि भेदभावाच्या केसेस ही दोन वेगळी कामं आहेत, रोजचा दिवस वेगळा, डेटा वेगळा, समोरचा वकील वेगळ्या जागी पकडतो, आणि पाच वर्षं एकात घालवली की दुसऱ्यात उडी मारणं सोपं राहत नाही. म्हणून आधीच नीट बघून घ्या.

पहिलं काम अपघात आणि मृत्यूच्या दाव्यांचं. समजा ४० वर्षांच्या इलेक्ट्रिशियनला ट्रकने उडवलं, पाठ गेली, आता शिडीवर चढणं बंद. वकील तुमच्याकडे त्याचे डब्ल्यू-२ (मालकाने दिलेले वर्षाच्या पगाराचे फॉर्म), टॅक्स रिटर्न, सोशल सिक्युरिटीचं कमाईचं स्टेटमेंट असा गठ्ठा पाठवतो आणि विचारतो की अपघात झालाच नसता तर हा माणूस आयुष्यभरात किती कमावला असता, आता किती कमावेल, आणि दोन्हीतला फरक आजच्या पैशात किती. "आता किती कमावेल" यासाठी बहुतेक वेळा व्होकेशनल एक्स्पर्ट असतो, तो सांगतो की याला बसून करायची अमुक कामं जमतील, त्यांचा पगार तुम्ही धरायचा. मूळ पगारावर हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शनची भर, मग पगारवाढीचा दर, मग माणूस खरोखर किती वर्षं काम करेल त्याचा अंदाज, कारण ६७ पर्यंत सलग कुणी काम करतंच असं नाही, मधे नोकरी जाते, आजारपण येतं, म्हणून वय, लिंग, शिक्षण बघून वर्क-लाइफचे तक्ते वापरतात.

आणि शेवटी डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा व्याजदर, खरी मारामारी तिथे. वरच्याच माणसाचं वर्षाला ६०,००० डॉलरचं नुकसान २५ वर्षं धरलं आणि पगारवाढ वजा करून निव्वळ दर १ टक्का घेतला तर आजची रक्कम साधारण १३ लाख २१ हजार डॉलर येते, ३ टक्के घेतला तर १० लाख ४५ हजार. दोन टक्क्यांच्या फरकाने त्या घराचे पावणेतीन लाख डॉलर इकडचे तिकडे होतात! अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८३ च्या जोन्स अँड लाफलिन विरुद्ध फायफर या निकालात एकच पद्धत सगळ्यांवर लादायला नकार दिला, १ ते ३ टक्क्यांमधला खरा (महागाई वजा केलेला) दर वाजवी मानायला हरकत नाही इतकंच म्हटलं, त्यामुळे फेडरल केसेसमध्येही आजपर्यंत दोन्हीकडचे इकॉनॉमिस्ट याच पट्ट्यात आपापल्या टोकाला उभे असतात आणि हाच दर का, याचं उत्तर ज्युरीसमोर तुम्हालाच द्यावं लागतं.

मृत्यूच्या केसमध्ये तो माणूस स्वतःवर जो खर्च करत होता तो वजा होतो. घरातल्या कामाचीही किंमत काढतात, स्वयंपाक, मुलांना सांभाळणं, गाडीची दुरुस्ती, आणि त्यासाठी २००३ पासून दरवर्षी होणारा अमेरिकन टाइम यूज सर्व्हे (लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात त्याची पाहणी) कामाला येतो. आपल्याकडे मोटार अपघात दाव्यांमध्ये इकॉनॉमिस्ट लागतच नाही, सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या आपल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी तक्ताच घालून दिलाय, वय ३६ ते ४० असेल तर वार्षिक नुकसानीला १५ ने गुणा, स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत असेल तर पुढच्या वाढीसाठी ४० टक्के धरा, संपलं. तिकडे याच प्रत्येक आकड्यावर दोन माणसं भांडतात, त्यातलं एक तुम्ही.

दुसरं काम भेदभावाच्या केसेसचं. इथे एका माणसाचं आयुष्य नसतं, एका कंपनीतल्या हजारो माणसांचे पगार, बढत्या, भरती असते, आणि प्रश्न असा की बायकांना किंवा काळ्या कामगारांना कमी मिळतंय ते कामाच्या फरकामुळे की त्या बायका किंवा काळे आहेत म्हणून. पाया १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टचा, आणि १९७७ च्या हेझलवूड केसपासून आकडेशास्त्र नीट कोर्टात बसलं. ती केस कुठल्याही लेबरवाल्याने वाचावी अशी आहे. सेंट लुइसजवळच्या एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये काळे शिक्षक १९७३-७४ ला फक्त १.८ टक्के, आता याची तुलना कशाशी करायची? काउंटीत सेंट लुइस शहर धरलं तर काळे शिक्षक १५.४ टक्के, शहर वगळलं तर ५.७ टक्के. म्हणजे लेबर मार्केटची हद्द कुठे आखायची यावर डिस्ट्रिक्ट दोषी की नाही ते ठरणार, आणि ती हद्द आखणं हेच तर आपलं शास्त्र.

आता सगळं रिग्रेशनवर चालतं, म्हणजे बाकीच्या गोष्टी सारख्या धरून फरक काढायचा, आणि खरा वाद कंट्रोल्सचा, म्हणजे कुठल्या गोष्टी सारख्या धरायच्या याचा. पगाराच्या मॉडेलमध्ये माणसाची लेव्हल, ग्रेड घालायची का? घातली तर फरक बऱ्याचदा आकसतो आणि कंपनी म्हणते बघा, एकाच ग्रेडमधल्या बाईला आणि पुरुषाला सारखाच पगार आहे. पण बाईला वरच्या ग्रेडला जाऊच दिलं नसेल तर ती ग्रेड हाच भेदभावाचा परिणाम आहे, तो कंट्रोल म्हणून घातला की जे शोधायचं तेच मॉडेलमधून पुसलं जातं. मला विचाराल तर सगळ्या लेबर इकॉनॉमिक्समध्ये याहून महत्त्वाचा प्रश्न कोर्टात दुसरा येत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नोकरीचं नाही, ॲडमिशनचं आहे, एशियन अर्जदारांना डावललं जातं असा आरोप असलेली हार्वर्डची केस, ऑक्टोबर २०१८ मध्ये बोस्टनला ट्रायल झाली आणि दोन्हीकडे लेबर इकॉनॉमिस्टच उभे होते, हार्वर्डकडून डेव्हिड कार्ड, ज्यांना २०२१ ला नोबेल मिळालं, आणि समोरून ड्यूकचे पीटर आर्सिडियाकोनो. डेटा तोच, अर्ज तेच, पण कार्डनी हार्वर्डची "पर्सनल रेटिंग" (अर्जदाराच्या व्यक्तिमत्त्वाला दिलेले गुण) मॉडेलमध्ये ठेवली आणि खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं यांचे अर्जही ठेवले, आर्सिडियाकोनोंनी दोन्ही बाहेर काढलं, त्यांच्या मते ती रेटिंग तर स्वतःच एशियन मुलांच्या विरोधात झुकलेली होती. आर्सिडियाकोनोंना फरक दिसला, कार्डना नाही. ट्रायल कोर्टात हार्वर्ड जिंकलं, २०२३ ला सुप्रीम कोर्टात हरलं. दोघंही पहिल्या दर्जाचे संशोधक, पैशासाठी काहीही बोलणारे नव्हेत, आणि तरी उत्तर वेगळं, हे या कामात यायच्या आधी पचवायला लागतं.

वॉलमार्टच्या केसमध्ये (२०११) सुमारे १५ लाख बायकांचा क्लास होता, म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकत्र दावा. वादींच्या तज्ज्ञाने विभागवार आकडे मांडले, कंपनीच्या तज्ज्ञाने स्टोअरवार, आणि सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने म्हटलं की विभागात फरक दिसला म्हणून प्रत्येक स्टोअरमध्ये तो आहे असं ठरत नाही. तेव्हापासून आकडे कुठल्या पातळीवर एकत्र करायचे हा प्रश्न क्लास सर्टिफिकेशनलाच (असा एकत्र दावा चालवू द्यायचा का, हे कोर्ट ठरवतं तिथेच) येऊन उभा राहतो आणि बऱ्याच केसेसचा निकाल किंवा सेटलमेंट तिथेच लागते, त्यामुळे ज्युरीसमोर जायची वेळ फार थोड्यांवर येते.

रोजच्या कामाचा फरक इथेच कळतो. अपघाताच्या कामात फाइल छोटी, केसेस पुष्कळ, तुम्ही एकटे किंवा दोघं-तिघं, रिपोर्टवर सही तुमची आणि डिपॉझिशनला (ट्रायलच्या आधीच्या शपथेवरच्या जबानीला) बसणार पण तुम्हीच, फेडरल नियमाप्रमाणे एका दिवसात सात तासांपर्यंत समोरचा वकील विचारू शकतो. मास्टर्सवालेही हे काम करतात. भेदभावाच्या कामात मोठी फर्म लागते, पे-रोलचा डेटा महिनोन्महिने साफ करावा लागतो, कोड लिहावा लागतो, आणि साक्षीला जातो नाव असलेला प्रोफेसर, तुम्ही कित्येक वर्षं मागच्या टीममध्ये. वर तो डेटा गोपनीय, त्यावर पेपर लिहीन असं मनात असेल तर ते सहसा होत नाही. पण डोक्याला खाद्य इथे जास्त आहे, पीएचडीत जे शिकलात ते रोज वापरात राहतं, अपघाताच्या कामात मात्र काही वर्षांनी तोच स्प्रेडशीट परत परत येतो आणि हुशार माणसाला ते जाचतं.

दोन्हीकडे सारखं असलेलं थोडक्यात सांगतो. डॉबर्ट (१९९३) आणि कुम्हो टायर (१९९९) या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालांपासून जज तुमची पद्धतच तपासतो आणि पटली नाही तर साक्ष बाहेर, डिसेंबर २०२३ ला तज्ज्ञांच्या साक्षीचा फेडरल नियम ७०२ अजून कडक शब्दांत लिहिला गेला. मागच्या चार वर्षांत कुठेकुठे साक्ष दिली त्याची यादी द्यावी लागते, आणि ती सगळी एकाच बाजूची असली तर समोरचा वकील ती ज्युरीला वाचून दाखवतो, म्हणून दोन्ही बाजूंची कामं घेत जा. फी तासावर घ्यायची, निकालावर कधीच नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती. भेदभावाच्या केसमध्ये आपण सिद्ध करतो की बायकांना कमी पगार मिळतो तो अन्यायाने. आणि अपघाताच्या केसमध्ये, तीन वर्षांची मुलगी जखमी झाली तर बायकांचाच सरासरी पगार आणि बायकांचाच वर्क-लाइफ तक्ता लावून तिची भरपाई कमी करतो, म्हणजे एका कोर्टात जो अन्याय तोच दुसऱ्या कोर्टात तिचं भविष्य. २०१५ मध्ये ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात शिशाच्या विषबाधेची केस होती, हिस्पॅनिक मुलगा, समोरचा तज्ज्ञ त्याच्या वंशाचे आकडे दाखवून सांगत होता की हा फार शिकला नसता, जज जॅक वाइनस्टाइन यांनी ते आकडे वापरायलाच मनाई केली. कॅलिफोर्नियाने २०२० पासून कायदाच केला की लिंग किंवा वंश बघून कमाईचं नुकसान कमी करता येणार नाही. पण सगळीकडे असं नाही, आणि जिथे नाही तिथे कुठला तक्ता उघडायचा हे ठरवायची वेळ तुमच्यावर येते. अपघाताच्या वाटेला जाणार असाल तर लहान मुलांच्या केसमध्ये स्त्री-पुरुष मिळून काढलेले आकडे वापरायचे हे आधीच ठरवा आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना तेच सांगा, मग एखादं काम गेलं तरी चालेल.

मग निवड. पीएचडी लेबरमध्ये केली असेल, इकॉनोमेट्रिक्स पक्कं असेल, तर मी भेदभावाच्या कामाकडे जा म्हणेन, मागे बसायची तयारी ठेवून. स्वतःची प्रॅक्टिस हवी, लहान गावात राहायचंय, माणसांशी थेट बोलायला आवडतं, किंवा मास्टर्सवर थांबलात, तर अपघाताचं काम जास्त जमेल, आणि एका घराचं पुढचं आयुष्य तुमच्या आकड्यावर उभं राहतं तेव्हा त्या कामाला कमी लेखू नका.

फक्त व्हिसाचं विसरू नका, कारण आपल्या लोकांसाठी बऱ्याचदा तोच निर्णय घेतो. एच-१बी वर असताना त्या नोकरीव्यतिरिक्त बाजूला स्वतःहून साक्षीची कामं घेता येत नाहीत, म्हणजे ग्रीन कार्ड येईपर्यंत स्वतःची प्रॅक्टिस अवघडच, आणि भारतीयांची ती रांग किती लांब आहे ते माहितीच आहे. त्यामुळे सुरुवात बहुतेकांची ॲनालिसिस ग्रुप, कॉर्नरस्टोन, नेरा असल्या कन्सल्टिंग फर्ममध्येच होते. तिथे इंटरव्ह्यूला गेलात की दोन गोष्टी स्पष्ट विचारा, तुमच्याकडे लेबर आणि एम्प्लॉयमेंटच्या केसेस खरोखर किती येतात की सगळं अँटिट्रस्टच (मक्तेदारीच्या केसेस) चालतं, आणि गेल्या काही वर्षांत आतल्या किती लोकांनी स्वतःच्या नावाने रिपोर्टवर सही केली.