महमूद गावानची सुटका: आठ महिने खेळल्यानंतर

कालयात्री मध्ययुगीन दरबारात शिरून कोणाला तरी सोडवून आणतो, या जातीच्या खेळांची चाल ठरलेली असते. तळघर, भुयार, पेंगणारा पहारेकरी, दोराची शिडी. कैदी निमूटपणे मागे पळत सुटतो. ‘महमूद गावानची सुटका’ या घरी छापून घ्यायच्या पटखेळाच्या संचात यातलं जवळपास काहीच नाही. सोलापुरात जानेवारीत गड्ड्याची जत्रा उठली तेव्हा मांडलेला पट गणपती तोंडावर आले तरी टेबलावरून हललेला नाही, त्याचं कारण हेच. संचात चुकाही भरपूर आहेत, पण बहुतेक सगळ्या घरच्या घरी दुरुस्त होतात.

प्रसंग ५ एप्रिल १४८१ चा. बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याच्या शिक्क्याचं एक पत्र सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाच्या हाती पडलं आहे. त्यात ओडिशाच्या राजाला चढाईचं आमंत्रण आहे. पत्र बनावट. शिक्का सांभाळणाऱ्याला वश करून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि मजकूर नंतर भरला. कटामागे मलिक हसन बहरी आणि दख्खनी सरदारांचा गट, गावानच्या बाजूचा यूसुफ आदिल खान छावणीपासून दूर, आणि सुलतान दारूच्या नशेत. गावानचा शिरच्छेद होण्याआधी त्याला बाहेर काढायचं. तीन ते पाच खेळाडू, त्यांतला एक कालयात्री, शिवाय एक सूत्रधार. मांडणी धरून एका डावाला अडीच तास लागतात.

संच करणाऱ्याला पहिली दाद जागेबद्दल. बहुतेकांनी बीदरचा किल्ला काढला असता, चित्रात तो शोभतोही. पण गावान मारला गेला तो आंध्रातल्या, कृष्णेजवळच्या कोंडपल्लीच्या मुक्कामात. त्यामुळे पटावर तट नाही, बुरूज नाही, नुसते तंबू, हत्ती, मुदपाकखाना आणि माणसांची ये-जा. भुईकोट रोज बघणाऱ्या सोलापूरकराला आधी हे उघडं-बोडकं वाटतं. दोन डावांत कळतं की भिंतीपेक्षा छावणी अवघड. भिंतीआड लपता तरी येतं.

छपाईचं थोडक्यात. पत्ते ५४, एका ए-४ कागदावर ९ बसतात, म्हणजे ३०० जीएसएमचे (जाड) सहा कागद. पट चार ए-४ जोडून होतो, तो ३ मिमी सनबोर्डवर चिकटवायचा. फेविकॉलमध्ये पाणी घालून एकाच बाजूला कागद लावला की वाळताना कागद आकसतो आणि बोर्ड वाटीसारखा वळतो. मागच्या बाजूलाही तेवढाच साधा कागद लावा, ताण सारखा होतो. चकचकीत लॅमिनेशन टाळा, ट्यूबलाइटखाली अर्धा पट दिसत नाही. तंबू ३२, घडीच्या कागदाचे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पंखा बंद ठेवून खेळणं माणसाच्या आवाक्यातलं नाही आणि पंख्याखाली अख्खी छावणी उडते. प्रत्येक तंबूच्या तळाला एक लोखंडी वायसर चिकटवला की काम भागतं. सोलापुरी चादर पटाखाली घालू नका, विणीवर तंबू कलतात. ती फासे टाकायच्या कोपऱ्यात अंथरा, आवाज कमी होतो आणि फासा खाली लोळत नाही.

आता खेळाचा जीव, म्हणजे ती पत्रं. संचात १२ पत्रं आहेत आणि त्यांतलं खोटं ओळखायचं आहे. सूचना म्हणते, प्रत्येकावर लाल लाख वितळवून मोहोर उठवा. हे डोक्यात बसलेलं युरोपी चित्र. फारसी वळणाच्या दरबारांत कागदावर शिक्का शाईनेच उमटवत. लाखेने खेळही बिघडतो. मे महिन्यात ती मऊ पडते, शिक्क्याला चिकटून सोलून येते, कागद करपतो. सगळ्यात वाईट म्हणजे लाख मजकुराच्या खाली बाजूला बसते, त्यामुळे शिक्का आधी की मजकूर आधी, हे कळायला वावच उरत नाही. आणि कोडं नेमकं तेच आहे.

त्याऐवजी खोडरबरावर कटरने उलटी अक्षरं कोरा, किंवा रबरी शिक्का करून घ्या. साधं काळं स्टॅम्प पॅड पुरतं. अकरा पत्रांवर आधी फाउंटन पेनने मजकूर लिहा, पूर्ण वाळू द्या, मग शेवटच्या ओळीवर चढेल असा शिक्का मारा. बाराव्यावर उलट करा. आधी कोऱ्या कागदावर शिक्का, नंतर मजकूर, आणि शेवटची ओळ शिक्क्यावरून न्या. दहापट भिंगातून बघितलं की फरक दिसतो. खऱ्या पत्रात पेनाची रेघ शिक्क्याखालीही काठाला स्वच्छ राहते. खोट्यात ती शिक्क्याच्या शाईला भिडते तिथे फुटते, कडेला बारीक केस फुटल्यासारखे दिसतात. खेळाडू पहिल्यांदा हे बघतो तेव्हा टेबलावरचं बोलणं थांबतं. संचातला सगळ्यात चांगला क्षण हाच, आणि मूळ सूचनेत तो नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कागद जुना दिसावा म्हणून चहात बुडवणं. भिजल्यावर कागदावरचा खळीचा थर सैल होतो, मग शाई सगळीकडेच फुटते आणि खरी-खोटी पत्रं एकसारखी दिसतात. शिवाय १४८१ मध्ये ते पत्र चार दिवसांपूर्वीचं आहे, पिवळं कशाला असेल? १०० जीएसएमचा साधा बदामी कागद घ्या.

वेळ मोजायला संचात मोबाइलचा टायमर सुचवला आहे. घटिकापात्र करा. खरी घटका २४ मिनिटांची, खेळात ती ६ मिनिटांची धरली आहे. अशा दहा घटका, म्हणजे सुटकेला तासभर. तांब्याची लहान पातळ वाटी घ्या, तळाला बारीक भोक पाडून घ्या आणि पाण्याच्या पातेल्यात तरंगत सोडा; ती भरून बुडाली की एक घटका. भोक सुरुवातीला लहानच ठेवायचं आणि सुईने किंचित किंचित वाढवत न्यायचं, दर वेळी स्टॉपवॉच लावून. एकदा मोठं झालं की मागे फिरता येत नाही. तळ तेलकट राहिला तर पाणी आत यायला अडतं, म्हणून आधी राखेने घासा. आणि बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या क्षारांनी भोक बुजत जातं, सहा मिनिटांची घटका महिन्याभरात साडेसातवर जाते आणि सुटका उगाच सोपी होते. वाटी लिंबाच्या रसात तासभर ठेवली की भोक मोकळं होतं. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात खेळासाठी पातेलंभर गोडं पाणी मागून घरात काय ऐकायला मिळेल ते सांगायला नको. तेच पाणी नंतर झाडांना घाला.

पुराव्याचं पत्र हाती आलं की नवखे खेळाडू थेट सुलतानाकडे धावतात. सातव्या घटकेनंतर ते व्यर्थ आहे, तो ऐकायच्या अवस्थेत नसतो. हा नियम कडक वाटतो, पण प्रसंगाला धरून आहे. शिक्का माझा, मजकूर माझा नाही, असं गावानने तोंडावर सांगितलं तरी उपयोग झाला नव्हता.

खरी अडचण मात्र गावान स्वतःच. तवारिखांत, म्हणजे जुन्या फारसी इतिहासग्रंथांत, येतं की हितचिंतकांनी त्याला गुजरातकडे निघून जा म्हणून सांगितलं होतं. तो गेला नाही. संचात हे चोख उतरलं आहे: तंबूपर्यंत पोचलात, पहारा चुकवला, घोडा तयार आहे, आणि सत्तरी ओलांडलेला वजीर बैठकीवरून उठायला तयार नाही. फक्त त्यासाठीचा आकडा चुकला आहे. दोन फाशांची बेरीज ९ किंवा जास्त हवी म्हणतात. ३६ पैकी १० वेळाच ती येते, आणि प्रयत्न दोनच. म्हणजे निम्म्याहून जास्त डाव खेळाडूंची काही चूक नसताना फुकट जातात. आमची दुरुस्ती: गावानसमोर ठेवलेल्या प्रत्येक खऱ्या पुराव्याला एक गुण वाढवून द्या. बनावट पत्र आणि शिक्केवाल्याची कबुली, दोन्ही असली की ७ पुरतात, म्हणजे ३६ पैकी २१. आणि ‘तुम्ही उद्या मरणार आहात’ हे भविष्य सांगणाऱ्या कालयात्र्याला काहीही वाढवून देऊ नका. मरायची तयारी असलेल्या माणसाला मरणाची बातमी सांगून काय उपयोग? त्याच्या मागे त्याने बीदरला उभारलेल्या मदरशाचं, राज्याच्या आठ तरफांच्या (प्रांतांच्या) नव्या घडीचं काय होईल, हे बोललं की एक गुण. सूत्रधाराने इथे घाई करू नये.

तंबूतून बाहेर पडल्यावरचा भाग संचाने उरकल्यासारखा केला आहे. कृष्णेला पूर आल्याचा एक पत्ता आहे. एप्रिलात? फाडून टाका. त्या दिवसांत नदीला वाळूचे पट्टे आणि उतार, म्हणजे चालत पार होण्याच्या जागा, असतात, म्हणून त्या जागी ‘उतार कुठे आहे ते विचारा’ असा पत्ता लिहिला. विचारायचं कोणाला, तर नावाड्याला, आणि तो तेलुगू बोलणारा. इथे सोलापूरच्या टेबलाला फुकटचा फायदा आहे. शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातला एखादा खेळाडू असेल तर त्याने खरोखर तेलुगूत विचारावं, फासा टाकायची गरज नाही. छावणीतल्या शिपायाशी दख्खनीत बोलणाऱ्यालाही तीच सवलत. असे दोघे असले की शेवटची वीस मिनिटं नुसती ऐकावीत.

दुसरा फाडायचा पत्ता मुदपाकखान्यातला: ‘पहारेकऱ्याच्या डोळ्यांत तिखट फेका.’ १४८१ मध्ये दख्खनेत मिरची कुठली? ती पोर्तुगीज आल्यानंतरची. चुलीतली राख ठेवा, काम तेच होतं. कालयात्र्याने पिशवीत शेंगा चटणी आणली असेल तर मात्र चालेल, आमच्याकडे तो नियमच झाला आहे. त्यातली मिरचीही त्या काळाला अनोळखी आणि शेंगदाणाही. डोळ्यांत फेकली तर पहारेकरी आडवा होतो, पण झडतीत सापडली तर संशयाचे दोन गुण चढतात. कडक भाकरी निर्धास्त न्या, ज्वारी तिथे होतीच.

इतिहास बदलल्याचे गुण मोजायचा तक्ता शेवटी जोडला आहे. आठ रकाने, तीन तळटिपा, आणि वापर शून्य. आम्ही तिसऱ्या डावानंतर तो काढलाच नाही.

वारंवार खेळणाऱ्यांसाठी एकच त्रास उरतो. खोटं पत्र कोणतं, हे चार डावांत सगळ्यांच्या ध्यानात राहतं, कागदाचा दुमडलेला कोपरा, शाईचा एखादा डाग यावरूनसुद्धा. त्यामुळे दर चार डावांनी पत्रं नव्याने करावी लागतात. बारा पत्रं लिहायला एक संध्याकाळ जाते, आणि शिक्के मारायला दुसरी, कारण शाई रात्रभर वाळल्याशिवाय शिक्का मारला की बाराही पत्रं खोटी ठरतात.